आधी विचारा, हा खातो काय?

ती रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलीच असेल. पांढराशुभ्र सोफा, मागे मंद गाणं आणि सोफ्याच्या हातावर बसलेला एक काळाभोर पक्षी. गळा पांढरा, डोळ्याभोवती निळं कडं आणि दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणून लावावी तशी भलीमोठी नारिंगी चोच. समोरून कुणीतरी द्राक्ष फेकतं. पक्षी ते चोचीच्या टोकात अलगद झेलतो, मान मागे टाकतो आणि द्राक्ष गट्टम! खाली कमेंट्सचा पाऊस. 'सो क्यूट', 'मला पण हवाय', 'इंडियात कितीला मिळतो?'

हा टूकन. त्यातही रीलमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो टोको टूकन, त्याच्या कुटुंबातला सगळ्यात मोठा. पक्षी देखणा आहे, यात वादच नाही. माझं म्हणणं एवढंच, की 'कितीला मिळतो' हा प्रश्न टाइप करण्याआधी एक दुसरा प्रश्न विचारा. हा खातो काय? प्रश्न अगदी साधा आहे. पण त्याचं उत्तर नीट ऐकलं, तर पहिला प्रश्न विचारावासाच वाटणार नाही, असं मला वाटतं.

हा आपला धनेश नव्हे

आधी एक गोंधळ मिटवू. अशा रीलखाली हमखास कुणीतरी लिहितं, 'अरे, हा तर आपला कोकणातला धनेश!' नाही. धनेश आशिया आणि आफ्रिकेतला. टूकन फक्त अमेरिका खंडांत, दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत सापडतो. त्याच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. दोघांच्या चोची मोठ्या, दोघंही उष्ण प्रदेशात उंच झाडांवरची फळं खाणारे. काम सारखं, म्हणून अवजारही सारखं झालं. रक्ताचं नातं मात्र लांबचं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तसलं काही टूकन करत नाही. त्यांच्यात नर आणि मादी दोघंही आळीपाळीने अंडी उबवतात.

मग टूकनचा आपल्याकडचा नातेवाईक कोण? सुतारपक्षी आणि तांबट! उन्हाळ्याच्या दुपारी कॉलेजच्या आवारातल्या पिंपळावरून 'टुक टुक टुक टुक' असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो ना, तोच तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, ही ठेवण दोघांची सारखी. ढोलीत घरटं करणं सारखं, फळांचा शौकही सारखा. नात्याचा हा धागा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

चोच आहे कशासाठी?

टोको टूकनची चोच त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक तृतीयांश भरते. पण वजन? शरीराच्या फक्त विसाव्या भागाएवढं. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी ही चोच कापून, दाबून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. बाहेर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्या पदार्थाचं कवच, आणि आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी, फेसासारखी पोकळ. कवच आणि फेस मिळून हलकी तरी मजबूत रचना. मेकॅनिकलवाल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं, गाड्यांमधले धक्के झेलणारे भाग बनवणाऱ्यांनाही त्यात रस आहे.

या चोचीने शास्त्रज्ञांना बराच काळ कोड्यात टाकलं होतं. डार्विनला वाटलं, जोडीदाराला भुलवण्यासाठी असेल. २००९ मध्ये ब्राझील आणि कॅनडाच्या संशोधकांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवून दिलं, की चोचीतलं रक्त कमी-जास्त करून टूकन अंगातली उष्णता बाहेर टाकतो, हत्ती कानांनी टाकतो तशी. पण रोजच्या जगण्यातला उपयोग त्याच्या कितीतरी आधी एका माणसाने नोंदवला होता. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग अभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. त्याचं निरीक्षण असं, की तिथल्या उंच झाडांची फळं बारीक डहाळ्यांच्या टोकाला लागतात. टूकनसारख्या जड पक्ष्याचं वजन त्या डहाळ्या पेलत नाहीत. म्हणून तो जाड फांदीवर ठाण मांडतो आणि तिथूनच चोच लांबवून फळ तोडतो. म्हणजे बघा, आपण जिला गंमत म्हणून बघतो, ती चोच खरं तर एक आकडी आहे. आंबे उतरवायला आपण घेतो तशीच.

खाणं नव्हे, पेरणं

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. टूकन खातो काय? प्रामुख्याने फळं. उंबराच्या जातीतली फळं, ताडकुळातली फळं, आणि जंगलातली अशी कितीतरी, ज्यांना आपल्या भाषेत नावंही नाहीत. तो चावत नाही. चोचीच्या टोकात फळ धरायचं, मान झटक्यात मागे न्यायची आणि फळ थेट घशात सोडायचं. लहान बिया विष्ठेतून जातात. मोठ्या बियांवरचा गर पोटात सुटतो आणि बी तो पुन्हा तोंडावाटे टाकून देतो, अगदी सालीसुरकुतीशिवाय, धुऊन काढल्यासारखी.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते. बी टाकेपर्यंत तो पक्षी एका जागी थोडाच बसतो? पनामामध्ये संशोधकांनी टूकनच्या पाठीवर छोटे जीपीएस बसवून हे मोजलं. झाड होतं विरोला, आपल्या जायफळाच्या कुटुंबातलं, लाल जायपत्रीसारखं आवरण असलेल्या बियांचं. बी पोटात सरासरी पंचवीस मिनिटं राहते, आणि तेवढ्यात ती मूळ झाडापासून सरासरी १४४ मीटर लांब जाऊन पडते. १४४ मीटर तुम्हाला फार वाटणार नाहीत. पण स्वतःच्या जागेवरून एक पाऊलही हलू न शकणाऱ्या झाडाच्या दृष्टीने विचार करा. आईच्या सावलीत पडलेल्या बीला ऊन मिळत नाही, आणि किडे, उंदीर तिथेच टपलेले असतात. लांब पडलेल्या बीला निदान संधी तरी मिळते.

बी पेरणारा गेला तर काय होतं, तेही ब्राझीलमध्ये दिसलंय. तिथल्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात जुसारा नावाचं ताडकुळातलं झाड आहे. ऊस, कॉफी आणि शहरांसाठी हे जंगल तुकड्यातुकड्यांत तुटत गेलं. काही तुकड्यांमधून टूकनसारखे मोठ्या चोचीचे पक्षी नाहीसे झाले, उरले ते कस्तुरासारखे लहान पक्षी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी २२ ठिकाणच्या नऊ हजारांहून अधिक बिया मोजल्या. जिथे मोठे पक्षी उरले नव्हते, तिथे १२ मिलिमीटरहून मोठ्या बिया जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. कारण सरळ आहे. लहान पक्ष्याच्या घशात मोठी बी मावत नाही, मग ती पेरली जात नाही. लहान बियांचीच पुढची पिढी येते. आणि लहान बी लवकर सुकते. म्हणजे पाऊस ओढ देईल त्या वर्षी आधी तीच मरणार.

उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचा मामला, असं आपण शाळेत शिकलो. इथे ती फार तर शे-दोनशे वर्षांत घडली, फळ खाणारा निघून गेला म्हणून. झाडं उभी होती, हिरवी दिसत होती. ड्रोनने व्हिडिओ काढला असता तर जंगल छानच दिसलं असतं. पण ते आतून बदललं होतं.

अंडी चोरणारा माळी

एवढं वाचून टूकन म्हणजे साधुसंत वाटायला लागला असेल, तर थांबा. 'रिओ' हा ॲनिमेशनपट पाहिला असेल ना? त्यात राफाएल नावाचा टूकन निळ्या मकावला, ब्लूला, जीव लावून मदत करतो. प्रत्यक्षात टूकन किडे, सरडे, बेडूक खातो आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यातली अंडी आणि पिल्लंही उचलतो. ढोलीत खोलवर पोहोचणारी ती लांब चोच फळांपुरतीच कामाला येते असं थोडंच आहे!

ब्राझीलमधल्या पांतानाल या अवाढव्य पाणथळ प्रदेशात जांभळट निळा हायसिंथ मकाव राहतो. जवळजवळ मीटरभर लांबीचा हा जगातला सगळ्यात लांब पोपट. तिथे त्याची दहापैकी नऊहून अधिक घरटी एकाच जातीच्या झाडाच्या ढोलीत असतात, त्याचं नाव मांडुव्ही. आपल्या शहरांतल्या रस्त्यांवर जंगली बदामाचं झाड असतं, ज्याच्या फुलांच्या वासाने नाक धरून चालावं लागतं, त्याच्या जवळच्या नात्यातलं. मांडुव्हीला मकावला पुरेल एवढी ढोली पडायला साठेक वर्षं लागतात. २००८ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. मकावची जी अंडी शिकाऱ्यांच्या तोंडी जातात, त्यांतली निम्म्याहून अधिक एकटा टोको टूकन खातो.

मग उपाय सोपा दिसतो. मकाव वाचवायचाय ना? टूकनला हाकला! पण त्याच अभ्यासाने दुसरा आकडाही दिला. मांडुव्हीच्या ज्या बिया लांबवर पेरल्या जातात, त्यांतल्या ८३ टक्के पेरतो तो हाच टूकन. टूकनला हाकललं तर यंदाची अंडी वाचतील, पण साठ वर्षांनी ती घालायला झाडच नसेल. अंडी चोरणारा आणि घर बांधून देणारा एकच!

मला या संपूर्ण विषयातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याला प्राणी 'गोड' आणि 'दुष्ट' अशा दोन खणांत टाकायची सवय लागली आहे. कुत्र्याच्या पिल्लाला बदाम, सापाला शिव्या. टूकन दोन्ही खणांत मावत नाही. आणि नीट पाहिलं तर कुठलाच प्राणी मावत नाही. त्याची किंमत तो आपल्याला कसा दिसतो यात नाही. तो कुठे, काय खातो आणि ते कुठे नेऊन टाकतो, यात ती आहे.

सोफ्यावर काय होतं?

आता तोच पक्षी सोफ्यावर आणा. गर सुटलेली बी अर्ध्या तासात बाहेर येते म्हटलं ना? ती येतेच. फक्त जंगलाच्या मातीत पडण्याऐवजी गालिच्यावर पडते आणि कुणीतरी ती टिश्यूने उचलतं. रीलमध्ये तेवढा भाग कापलेला असतो.

त्याहून गंभीर गोष्ट पोटातली. रानातल्या फळांत लोह कमी असतं, म्हणून मिळेल तेवढं लोह शोषून घ्यायला टूकनचं शरीर घडलेलं आहे. पिंजऱ्यातल्या खाण्यात लोह जास्त असलं, तर ते यकृतात साठत जातं आणि पक्षी त्यानेच मरतो. पाळीव टूकनच्या मृत्यूचं हे नेहमीचं कारण आहे. त्यांना संत्र्या-मोसंबीसारखी फळं देऊ नयेत असं सांगतात, कारण त्यांच्यामुळे लोह आणखी शोषलं जातं. म्हणजे 'पौष्टिक' म्हणून कौतुकाने दिलेली संत्र्याची फोडही त्याच्या मुळावर येऊ शकते. रीलमधला पक्षी आज द्राक्ष झेलतोय. पुढच्या वर्षी त्याचं काय झालं, हे सांगणारी रील कुणी टाकत नाही.

यावर एक मुद्दा निघतो, आणि तो रास्त आहे. माणसाळलेला टूकन खुश राहू शकत नाही का? तो वर सांगितलेला बेट्स स्वतः एक टूकन बाळगून होता. एगा नावाच्या गावात तो पक्षी घरभर हिंडायचा, जेवणाच्या वेळेला टेबलापाशी हजर असायचा आणि मांस, मासे, कासव, फळं, जे माणसं खातील ते खायचा. एकदा तो चोरीला गेला. दोन दिवसांनी जेवणाच्या वेळी आपला आपण उघड्या दारातून डुलत डुलत परत आला! गोष्ट लोभस आहेच. पण तिच्यातला तपशील बघा. दार उघडं होतं. बाहेर त्याचंच रान होतं. तो आला, कारण जाण्याची मुभाही होती. पंधराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीबाहेर त्याचं काय आहे?

दुसरा मुद्दा, 'कायद्याने चालतं की!' हेही तपासू. आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून हौस विदेशी पक्ष्यांकडे वळते. टोको टूकन 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि या करारातल्या प्राण्यांना कायद्याच्या चौकटीत आणून ते बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन घातलं गेलं. कागद हवेतच. पण रीलमधला पक्षी पिंजऱ्यात जन्मला की कुणी ढोलीत हात घालून पिल्लू काढलं, हे तुम्हाला-मला स्क्रीनवरून कळणार कसं? टूकन एका वेळी दोन ते चार अंडी घालतो. एक ढोली लुटली की त्या जोडप्याच्या सगळ्या पिल्लांवर पाणी पडतं. आणि कागद अगदी चोख असले, तरी त्या पक्ष्याने गिळलेली एकही बी आता मातीत पडणार नाही, याचं काय?

आपल्या हातात काय?

'आम्ही मुंबई-पुण्यात, नाशिक-नागपुरात बसून ब्राझीलच्या पक्ष्याचं काय करणार?' असं म्हणू नका. तुमच्याच वयाच्या मुलांमुळे एका देशात काय घडलं ते बघा. जानेवारी २०१५ मध्ये कोस्टा रिकामध्ये ग्रेसिया या गावाजवळ काही किशोरवयीन मुलांनी एका टूकनला इतकं मारलं, की त्याची वरची चोच तुटून गेली. फोटो पसरला. लोक खवळले. गावाचंच नाव मिळालेल्या त्या पक्ष्याला पुढे त्रिमितीय छपाईने बनवलेली चोच बसवली गेली, आणि तो पुन्हा स्वतः खाऊ लागला. पण लोक तिथे थांबले नाहीत. प्राण्यांवरच्या क्रौर्याला शिक्षा हवी ही मागणी त्यांनी लावून धरली आणि २०१७ मध्ये त्या देशात तसा कायदा झाला. सुरुवात एका फोटोपासून, एका 'शेअर'पासूनच झाली होती. अंगठा तोच असतो. तो कशावर पडतो, त्याने फरक पडतो.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. सोफ्यावरच्या टूकनला बदाम देऊ नका. 'कितीला मिळतो' विचारणाऱ्या मित्राला सांगा, की तो रोज बिया पेरतो, त्याला सुट्टी देऊ नकोस. खांद्यावर मकाव बसवून फोटो काढून देणाऱ्या कॅफेत जायचा बेत ठरला, तर ग्रुपवर निदान एकदा विचारा, हा खातो काय, आला कुठून? विचारणाऱ्याला बोअर म्हणतील. म्हणू देत.

आणि पक्षी बघायची खरंच हौस असेल, तर तीही फुकटात भागते. आवारातलं वडाचं, पिंपळाचं किंवा उंबराचं झाड फळाला आलं, की एखादं लेक्चर ऑफ असताना त्याच्याखाली दहा मिनिटं उभे राहा. मान वर, मोबाइल खिशात. टूकनचा तो चिमुकला भाऊबंद, तांबट, तिथे असेल. तो तुमच्याकडे बघणार नाही, द्राक्ष झेलणार नाही. तो फळ गिळेल आणि उडून जाईल. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या जुन्या इमारतीच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं, तर ते कुणी लावलं असेल, हे मात्र तुम्हाला आता माहीत आहे.